बंद झालं, हे घ्या

शिरूर कासार तालुक्यात विटबिअर म्हणजे काय हे जाणणारा मी बहुधा एकमेव माणूस आहे, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू दिलेली नाही. पुण्यात नोकरीला असताना ही विद्या मिळाली. फिकी पिवळी, गढूळ बीअर; बार्लीच्या जोडीला गहू, शिवाय धणे आणि वाळलेली संत्र्याची साल. पहिल्यांदा प्यालो तेव्हा नासलेली वाटली होती. पण शेजारच्या टेबलावरचा माणूस डोळे मिटून मान हलवत होता, म्हणून मीही हलवली. पुढे खरंच आवडायला लागली. नोकरी सुटली, गावात बी-बियाण्याचं दुकान टाकलं, तरी पेल्यात नाक घालून हुंगायची सवय काही सुटली नाही. आमच्या परमिट रूममध्ये स्ट्राँग बीअर हुंगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मालक काळजीने बघतो. बाटलीवर ‘8 टक्क्यांपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. तेवढं वाचलं की इथलं रसग्रहण संपतं.

घरी धण्यांचं सांगितलं, तर बायको म्हणाली, “बिअरीत धणे? मग आमच्या आमटीनं काय घोडं मारलंय?”

2009 मध्ये पुण्यात डूलालीची मायक्रोब्रुअरी निघाली, आणि तिथून पुढे शहरात अशी ठिकाणं वाढत गेली. माझं ठिकाण त्यांतलंच एक, नाव सांगत नाही. कंपनीच्या मीटिंगचं निमित्त करून मी तिथे जायचो. मागच्या खेपेला ऑर्डर दिली, तर पोरगा म्हणाला, “सर, ती बंद झाली. हे ट्राय करा, मँगो आहे. त्याच्यापेक्षा भारी.”

मँगो! मी त्याला विटबिअरचा इतिहास सांगायला लागलो. त्याने शेजारच्या टेबलाचं बिल आणून दिलं.

तो इतिहास आता तुम्हाला ऐकावा लागेल. बेल्जियममधल्या हूगार्डन गावात ही बीअर पिढ्यान्‌पिढ्या व्हायची. लोकांना स्वच्छ, सोनेरी लागर आवडू लागली आणि 1950 च्या दशकात गावातली शेवटची ब्रुअरीही बंद पडली. पियर सेलिस नावाचा एक गवळी होता. तरुणपणी त्याने त्याच ब्रुअरीत हाताखाली काम केलेलं. गावात बसलं की जुन्या बीअरची हळहळ व्हायची. हळहळ आपल्याकडेही होते, पण आपण चहा पिऊन उठतो. या गड्याने 1966 मध्ये ती स्वतः बनवायला घेतली. धंदा वाढला. 1985 मध्ये आग लागली, सावरायला मोठ्या कंपनीचा पैसा घेतला, आणि पैशामागून हुकूम आले. शेवटी त्याने सगळं विकलं आणि म्हातारपणी थेट टेक्सासमधल्या ऑस्टिनला जाऊन पुन्हा तीच बीअर काढली. तीही पुढे मोठ्या कंपनीने घेतली आणि बंद केली! जगभर आज विटबिअर मिळते ती या गवळ्याच्या हट्टामुळे. आमच्या दूधवाल्याला मी हे सगळं दारात उभं राहून, भारावून सांगितलं. तो म्हणाला, “भाऊ, मागल्या महिन्याचं राहिलंय.”

असो. त्या पोराचं वाक्य मात्र पुण्याहून येताना डोक्यातून जाईना. कुठेतरी ऐकलेलं वाटत होतं. पाथर्डी ओलांडल्यावर लक्षात आलं, ते माझंच होतं. “दादा, ते वाण बंद झालं. हे घ्या, त्याच्याहून भारी.” मृगाच्या तोंडावर मी दिवसभर हेच म्हणतो. कपाशीचं एखादं वाण शेतकऱ्याच्या हाताला बसतं न बसतं, तोच कंपनी पिशवी बदलते. माणूस रिकामी पिशवी घडी घालून घेऊन आलेला असतो, “हीच द्या” म्हणतो. त्याला मी मँगो देतो.

एका म्हाताऱ्या बाबांना तर मी तेही देऊ शकलो नाही. त्यांना हुरड्यासाठी गूळभेंडी ज्वारी हवी होती, नातवंडं दिवाळीनंतर येणार म्हणून. गूळभेंडी कधी पिशवीत आलीच नव्हती. ती घरोघरच्या गाडग्यात असायची. आता रब्बीच्या पेऱ्याला रान मोकळं कुठं असतं? कपाशी उभीच असते. एखाद्याने हौसेने चार तासं पेरलीच, तर सगळ्या शिवारातली पाखरं त्याच्याच वावरात उतरतात. कोवळं, गोड कणीस. त्यांना काय कळत नाही? कंपनीने बंद केलं तर निदान शिव्या घालायला पत्ता असतो. पार्लेने 1993 मध्ये गोल्ड स्पॉट कोका-कोलाला विकलं, मग ते दिसेनासं झालं, याचा राग आमचे अण्णा अजून नावानिशी काढतात. गूळभेंडीचा राग बाबांनी कुणावर काढायचा? ते “बरं” म्हणाले आणि उन्हात गेले. मला उगाचच नोकर पोरावर खेकसावंसं वाटलं, आणि खेकसलो.

त्याच रात्री मी सेलिस व्हायचं ठरवलं. परमिट रूममधून आणलेली बीअर पातेल्यात ओतली, बायकोच्या डब्यातले धणे भरडले, संत्री नव्हती म्हणून मोसंबीची साल किसली, सगळं तासभर झाकून ठेवलं आणि चहाच्या गाळणीने गाळलं. दुकानाशेजारच्या मोटार रिवाइंडिंगवाल्या मित्राला मानाने बोलावलं. पेला कसा धरायचा, आधी कसं हुंगायचं, घोट जिभेवर कसा फिरवायचा, सगळं नीट समजावलं. त्याने सांगितल्याप्रमाणे घोट फिरवला, गिळला, बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ,” तो म्हणाला, “कंपनीनं विचार करूनच बंद केली आसंल.”