वाइनकाका

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, एक तरी वाइनकाका निघतोच. आमचे दुसऱ्या मजल्यावर राहतात. सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला अख्खी नोकरी झाली. हाती आलेला प्रत्येक नग मोजायचा आणि त्यातले निम्मे परत पाठवायचे, हा हातखंडा. निवृत्त झाल्यावर मोजायला आणि नापास करायला काही उरलं नाही, तेव्हा काही दिवस भाजीवाल्याने सोसलं. मग मुलगा-सून त्यांना धरणाकडच्या एका वायनरीत घेऊन गेले. तिथे टेस्टिंगच्या टेबलावर दोन-दोन घोटांचे ग्लास मांडलेले होते. समजावून सांगणाऱ्या तरुणाने नम्रपणे विचारलं, “काका, यात पेरू जाणवतोय का?” काकांना जाणवला. त्या दिवसापासून काकांना सगळ्यात सगळं जाणवतं.

गैरसमज नको म्हणून सांगतो, काका पिणारे नाहीत. संध्याकाळचा अर्धा ग्लास म्हणजे डोक्यावरून पाणी. पिणं अर्धा ग्लास, बोलणं मात्र पुरतं साडेसातशे मिली. सुरुवात इतिहासाने होते. १९८०च्या दशकात नारायणगावात श्यामराव चौगुल्यांनी फ्रेंच पद्धतीने फसफसती वाइन कशी काढली, मग राजीव सामंतांच्या ‘सुला’ची पहिली बाटली २००० साली कशी आली, २००१मध्ये राज्य सरकारने द्राक्ष-प्रक्रियेचं धोरण कसं आणलं, हे सगळं ते अशा थाटात सांगतात की प्रत्येक बैठकीला हेच हजर होते असं वाटावं. २७ जानेवारी २०२२ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली, तेव्हा काकांनी सोसायटीच्या सभेत अभिनंदनाचा ठराव मांडला होता. चेअरमननी शांतपणे विचारलं, “दुकान शंभर चौरस मीटरचं लागतं म्हणे. आपलं ऑफिस केवढंय?” ठराव तिथेच बारगळला. पुढे सरकारचा निर्णयही वादात अडकला. काका अजून दोन्हींचा दोष चेअरमनना देतात.

ग्लास हातात घेण्याचा विधी बघण्यासारखा. देठाला धरायचं, वाटीला बोटं लागू द्यायची नाहीत, कारण हाताच्या उबेने वाइन तापते. मग गोल फिरवायची. त्यात एकदा सोफ्याचं कव्हर गेलं, तरी फिरवणं थांबलं नाही. मुलाने परदेशातून आणलेला कॉर्क उघडायचा स्क्रू मखमली पेटीत आहे आणि पेटीतच राहणार, कारण नाशिकच्या बऱ्याच बाटल्यांना फिरकीचं झाकण असतं. हे दुःख काकांच्या जिव्हारी लागलं आहे. न्यूझीलंडच्या जवळजवळ सगळ्या बाटल्या फिरकीच्याच असतात, त्यात कमीपणा काही नाही, असं त्यांना स्वतःलाच सांगावं लागतं. पण कॉर्क हुंगायची हौस तर भागवायला हवी! म्हणून काका ते पत्र्याचं झाकण नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि मान डोलावतात.

काकूंचे धाकटे भाऊ निफाडचे. पिढ्यान् पिढ्या थॉमसन सीडलेसचे बागायतदार. ते आले की काकांना जोर चढतो. वाइनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं. सालीतच रंग आणि सालीतच चव. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस पांढुरकाच असतो. सालीसकट आंबवला की रेड, साली बाजूला काढून नुसता रस आंबवला की व्हाइट. बी आणि सालीतून उतरतं ते टॅनिन, कडक कोऱ्या चहासारखं जीभ आवळणारं. मेहुणे हे सगळं ऐकून घेतात. मग म्हणतात, “दाजी, बारीक मणी, जाड साल, वर बी. हा माल मार्केटला नेला तर व्यापारी क्रेटला हात लावायचा नाही.” गोडीचं ऐकल्यावर मात्र ते सरसावून बसले. खायचं द्राक्ष साधारण सतरा-अठरा ब्रिक्सला तोडतात. वाइनचं बावीस-चोवीसपर्यंत झाडावर ठेवतात, कारण त्या साखरेचंच पुढे अल्कोहोल होतं. “चोवीसपर्यंत? आणि मधी अवकाळी आला तर?” मेहुण्यांनी विचारलं. या प्रश्नाला काकांच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नव्हतं.

पुस्तकांनी काकांचा खरा घात केला तो जेवणात. पाश्चात्त्य जेवण ओळीने येतं. आधी सूप, मग मासा, मग मटण, शेवटी चीज. प्रत्येकाबरोबर वेगळा ग्लास. आपलं ताट मात्र एकदम येतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मध्ये भात. आंबट, तिखट, गोड, तुरट एकाच वेळी हजर, आणि जेवणारा एका घासात तिघांना भेटून येतो. काकांनी आलेखाच्या कागदावर ताटाचा नकाशा काढला, वाटीवाटीला वाइन नेमून दिली आणि काकूंना दाखवला. काकूंनी नकाशा निरखून पाहिला. “यात जेवणाऱ्याचा हात कुठून यायचा?” एवढंच विचारलं.

पण माणूस क्वालिटी कंट्रोलचा. प्रयोग झाले, वहीत शेरे पडले. ते शेरे मी वाचलेत, आणि त्यांत तथ्य आहे हे कबूल करायला हवं. कोथिंबीर वडी आणि अळूवडीबरोबर थंडगार सोव्हिन्यों ब्लाँ: पास. तिचा आंबटपणा तळणीचा तेलकटपणा धुऊन काढतो, आणि तिच्यातला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास कोथिंबिरीशी गोत्र जुळवतो. तळलेल्या पापलेटबरोबर शेनिन ब्लाँ पास. तेच पापलेट रेडबरोबर साफ नापास, कारण रेडमधलं लोह माशाच्या तेलाला भेटलं की तोंडात जुनी चावी धरल्याची चव येते. भरल्या वांग्याबरोबर शिराझ: विशेष प्रावीण्य. शिराझला जो मिऱ्याचा वास येतो, तो मिऱ्यात असतं त्याच द्रव्याचा, त्यामुळे दाणे-तीळ-मसाल्याच्या त्या गर्दीत ती परकी वाटत नाही. पुरणपोळीला मात्र नेहमीची कुठलीही वाइन पाणचट आणि आंबट लागली. नियम असा की वाइन पदार्थापेक्षा गोड हवी. शेवटी उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन आणली, तेव्हा जमलं. काकूंनी त्यावरही तुपाची धार धरली, ते वहीत ‘बाह्य हस्तक्षेप’ म्हणून नोंदलंय.

आणि मग मिसळ. नाशिकच्या माणसाला मिसळ टाळता येत नाही. काकांनी रविवारी सकाळी, तर्रीवाल्या मिसळीबरोबर, ओकच्या पिंपात मुरलेली कॅबर्ने काढली. बाटली महाग, पाहुणे खास, व्याख्यान मोठं. पहिला घास, पहिला घोट, आणि काकांचा आवाज गेला. शास्त्र सोपं आहे. मिरचीने जिभेची जी आगीची घंटा वाजते, तीच अल्कोहोलही वाजवतं. त्यावर टॅनिनने कोरड पाडली की आगीत तेल. डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम. तरी काका थांबले नाहीत. रुमालाआडून घोगऱ्या आवाजात म्हणाले, “फिनिश… बघा… किती लांब आहे.” काकूंनी न बोलता ताकाचा तांब्या मध्ये ठेवला. सगळ्या टेबलाचं त्यावर एकमत झालं. वहीत त्या दिवसापुढे नुसती फुली आहे.

मला विचाराल तर मिसळीबरोबर वाइनच हवी असेल तर किंचित गोड, खूप गार आणि कमी अल्कोहोलची व्हाइट घ्यावी. महागडी रेड मटणाला ठेवावी, आणि त्या दिवशी काळ्या मसाल्याचा हात आखडता घ्यावा. मटणातली चरबी आणि प्रथिनं टॅनिनला मऊ करतात, मिरची मात्र कुणाचंच ऐकत नाही. पण हे काकांना कुणी सांगायचं?

तापमानाची वेगळीच भानगड. रेड ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी, असं पुस्तकात. ती रूम युरोपातली, जुन्या दगडी घरातली, सोळा-अठरा अंशांची. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, आणि काकांनी पहिल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना अक्षरशः काढा पाजला. आता थर्मामीटर आला आहे. रेड वीस मिनिटं फ्रिजमध्ये, व्हाइट दोन तास. फ्रिजमध्ये डोशाचं पीठ आधीपासून असतं, त्यामुळे रोज वाटाघाटी. काकांनी वाइनसाठी वेगळा फ्रिज घेण्याची सूचना मांडली होती. काकूंनी तिला मोरीच्या गळक्या नळाची उपसूचना जोडली. दोन्ही प्रलंबित आहेत.

नातवाच्या लग्नासाठी म्हणून काकांनी एक सोव्हिन्यों ब्लाँ शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली उभी करून ठेवली आहे. नातू सहावीत आहे. जगातली बहुतेक वाइन एक-दोन वर्षांत प्यायलाच केलेली असते, त्यातून ही तर ताजेपणावर जगणारी व्हाइट. लग्नापर्यंत तिने फार तर कोशिंबिरीत घालण्याइतपत गुण कमावलेले असतील.

उघडलेली बाटली फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, आणि काकांच्या अर्ध्या ग्लासाच्या हिशेबाने ती तेवढ्यात संपत नाही. म्हणून सोसायटीत आमंत्रणं फिरत असतात. तुम्हाला आलं तर जरूर जा. माणूस मनाचा मोठा आहे आणि काकूंच्या हाताला चव आहे. फक्त जाताना घरून दोन घास खाऊन जा. नऊला वाढलेल्या ताटाला हात लावायची परवानगी साडेदहाला मिळते, आणि गार भरल्या वांग्याशी जुळणारी वाइन नाशिक जिल्ह्यात अजून कुणी काढलेली नाही.