समोरच्यांच्या धाकट्याचं डबडं

"सुनीता, कढीपत्ता हवाय ना? घे, वरची फांदी वाकव. आणि जरा इकडे सरक, समोर ऐकू जाईल. धाकट्याचं कळलं का तुला?"

"ठरलं लग्न?"

"कसलं लग्न! बटणांचा फोन घेतलाय त्याने. एवढा महागाचा फोन कपाटात टाकला आणि हातात ते डबडं, आपल्या दूधवाल्यासारखं."

"अहो काकू, दूधवाल्याकडे स्मार्टफोन आहे. परवा मला क्यूआर कोड दाखवत होता."

"घ्या! डोकं शांत राहतं म्हणे त्याने. न राहायला काय झालं? सगळा ताप आईच्या डोक्याला. पाणी येणार नाही असा ग्रुपवर निरोप आला की आईने सांगायचं. रिक्षा आईने बोलवायची. परवा तर सलूनमधून फोन, 'आई, दोनशे पाठव.' हा मोकळा आणि ती बिचारी सेक्रेटरी!"

"त्या फोनवरूनही पैसे देता येतात हो. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे काढलंय. नंबर फिरवायचा, सांगेल ती बटणं दाबायची, शेवटी पिन. इंटरनेट लागत नाही."

"मग दिले का नाहीत त्याने?"

"मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणे. खरं तर त्याला तो अमेरिकेतला लाइट फोन हवा होता. पहिला आला २०१७ साली, त्यावरून नुसतं बोलता यायचं. दुसऱ्यात मेसेज आले, रस्ता दाखवणं आलं. पडदा मात्र कागदासारखा काळापांढरा. २०२५ च्या तिसऱ्यात तर कॅमेराही आलाय."

"म्हणजे उपास धरायचा आणि साबुदाणा वडे तळत बसायचं."

"हसू नका. पोरगं वेडं नाही. माझा जुना फोन आठवतो? कंपनीने अपडेट द्यायचं बंद केलं, म्हणून हे भंगारात टाकायला निघाले होते. याने त्यावर लिनिएजओएस घालून दिलं. अँड्रॉइडच ते, पण लोकांनी मिळून चालवलेलं. आधी सायनोजेनमॉड होतं. ते २०१६ च्या डिसेंबरात बंद पडलं, तर त्यातल्याच मंडळींनी नव्या नावाने पुढे चालू ठेवलं. अ‍ॅप घ्यायला एफ-ड्रॉइड. खातं नको, ईमेल नको. एखादं अ‍ॅप आपला माग काढत असेल, तर तिथे तसं लिहिलेलंच असतं."

"आपणहून लिहितात? कमाल आहे."

"आणि नकाशा, ऑरगॅनिक मॅप्स! अख्खा महाराष्ट्र एकदा उतरवून घेतला की रेंज नसली तरी चालतो. आपल्या गल्लीतली गिरणी त्यात नव्हती, याने टाकली."

"याने? याला कुणी सांगितलं?"

"कुणीही टाकू शकतं. खालचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, तो २००४ पासून लोकच भरतायत."

"मग कोपऱ्यावरच्यांचं कंपाउंड पण टाक म्हणावं. चांगलं दीड फूट रस्त्यात आलंय."

"काकू! हळू. एकच घोळ झाला, बँकेचं अ‍ॅप चालेना. तुमचा फोन सुरक्षित नाही म्हणतं."

"आणि आधी, अपडेट बंद होते तेव्हा?"

"तेव्हा झक्कास चालत होतं! अ‍ॅप बघतं की फोनवर गूगलची मान्यता असलेलं अँड्रॉइड आहे का. नसलं की दार बंद. म्हणून बँकेपुरता ह्यांचा फोन."

"म्हणजे तुझ्याकडेही सेक्रेटरी आहे."

"आहे की, आणि तो कुरकुरतोही फार."

"बरं, माझ्याही कपाटात एक पडलाय. करून देईल का तो?"

"आधी मॉडेल बघा. लिनिएजवाल्यांच्या यादीत असावं लागतं, आणि काही कंपन्या फोनचं कुलूपच उघडू देत नाहीत. विचारू का त्याला?"

"कसं विचारणार? मेसेज केलास तर तो आईच्या फोनवर जायचा."

"फोन लावायचा की. हल्ली पहिल्या घंटीला उचलतो तो. आईचाच एंगेज लागतो."