केसांचा दाखला

निशिकासाई, तोक्यो
21 जानेवारी 2026

तीर्थस्वरूप ताईस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मेहकरहून पाठवलेले तुझे पत्र आणि सोबतचा शार्ङ्गधर बालाजीचा प्रसाद पावला. जपानातील शाळकरी मुली गुडघ्याच्या वर वस्त्र नेसतात, पापण्यांना गोंद लावतात आणि भर थंडीत उघड्या पायांनी हिंडतात हे खरे काय, व त्यांच्या संगतीत आपली नात कितपत बिघडली, अशी पृच्छा तू केली आहेस. तहसील कचेरीत उभी हयात गेल्यामुळे स्थळपाहणी केल्यावाचून अहवाल लिहायचा नाही हा माझा शिरस्ता तुला ठाऊकच आहे. उत्तरास जो विलंब झाला तो त्यापायी. सूनबाईंच्या मते सेवानिवृत्त माणसाने स्टेशनावर उभे राहून मुलींच्या मोज्यांची टिपणे घेणे शोभत नाही, म्हणून पुढील सर्व पाहणी नातीच्या समक्ष व तिच्या संमतीने झाली, याची नोंद घ्यावी.

प्रथम मूळ गणवेश सांगतो, कारण येथील सारी फॅशन त्याच्याच चौकटीत घडते. मेजी राजवटीत या मुली पायघोळ 'हाकामा' परिधान करून शाळेस जात. 1920-21 च्या सुमारास काही मिशनरी कन्याशाळांनी आंग्ल आरमारातील खलाशांचा रुंद गळपट्टीचा सदरा मुलींना चढवला आणि आता तो जपानी कौमार्याचे जणू राष्ट्रीय चिन्ह होऊन बसला आहे. घागऱ्याची लांबी शाळेने ठरवून दिलेली असते, आणि सकाळी घराबाहेर पडताना तो बिनतक्रार कायद्यात बसतो. स्टेशनच्या जिन्यावर कमरेशी त्याला दोन घड्या पडतात आणि शाळेचे फाटक दिसू लागताच त्या घड्या पुन्हा सुटतात. हा फेरफार रोज दोन वेळा, इतक्या शिस्तीने व इतक्या मूकपणे चालतो की आपल्याकडील तलाठ्यानेही येऊन धडा घ्यावा. थंडी असह्य झाली की काही मुली घागऱ्याखाली खेळाचा पायजमा चढवतात, म्हणजे वरून फॅशन आणि खालून आईचे समाधान, दोन्ही साधतात.

मोज्यांचा इतिहास मात्र विस्ताराने सांगण्याजोगा आहे. 1990 नंतरच्या दशकात येथील मुलींनी अकस्मात असे ठरवले की मोजा पायास घट्ट बसणे हे मागासलेपणाचे लक्षण होय. आणि मग बैलाच्या मानेखालच्या पोळीप्रमाणे घोट्याशी चुण्याचुण्यांनी लोंबणारे पांढरे, अगडबंब मोजे प्रचारात आले. एवढे ओझे घसरू नये म्हणून ते पोटरीस चक्क गोंदाने चिकटवीत. हा पायाचा गोंद बाजारात 1972 सालीच आला होता, पण त्याचे भाग्य उजळले ते या मोज्यांनी. पुढे ते मोजे लुप्त झाले, त्यांच्या जागी गडद निळे, गुडघ्यापर्यंतचे, सरळ मोजे आले, आणि अलीकडे 'आईच्या काळातली फॅशन' म्हणून जुने लोंबते मोजे पुन्हा दिसू लागले आहेत. मी नातीला सांगितले की या मोज्यांच्या सुतात आपल्या जिल्ह्याचाही हिस्सा असू शकेल. निप्पॉन यूसेन या आगबोट कंपनीने 1893 साली मुंबई ते कोबे हा जलमार्ग सुरू केला तो जमशेटजी टाटांच्या साह्याने आणि मुख्यतः कापसासाठी. जलंबहून खामगावास रेल्वेचा फाटा गेला होता तो त्याआधी, 1870 मध्ये, तोही कापसासाठीच. तेव्हा जपानी गिरण्यांत गेलेल्या गाठींत खामगावच्या बाजारातली एकही गाठ नव्हती असे मानायला माझे वऱ्हाडी मन राजी नाही. नात म्हणाली, "आजोबा, हल्लीचे मोजे पुष्कळदा पॉलिस्टरचे असतात." इतिहासाची आवड पुढच्या पिढीत उतरत नाही, हेच खरे.

आता वर्णाचा विषय, आणि येथे तुझी आठवण अपरिहार्य आहे. गौर वर्ण सात दोष झाकतो, अशी म्हण या लोकांत जुनी आहे, आणि चैत्रातल्या कोवळ्या उन्हातही बायका छत्री उघडतात. आपल्याकडे त्या सुप्रसिद्ध मलमाने 2020 साली आपल्या नावातून 'फेअर' हा शब्द वगळला खरा, पण स्थळ पाहायला येणाऱ्या मंडळींच्या डोळ्यांतून तो अद्याप वगळला गेलेला नाही. परंतु 1999 च्या आसपास तोक्योच्या शिबुया भागातील मुलींनी या सनातन मतास सुरुंग लावला. आधी ओकिनावाची गायिका नामिए आमुरो हिच्या अनुकरणाने त्यांनी भुवया रेघेएवढ्या बारीक केल्या व उंच टाचांचे बूट घातले. 1996 साली तर तिच्या या अनुयायिनींना 'आमुराऽ' हे स्वतंत्र नामाभिधानच मिळाले. त्यानंतर काहीजणींनी कृत्रिम उजेडात अंग भाजून चेहरा तपकिरी केला, ओठ व डोळ्यांभोवतालची कडा पांढरी रंगवली, केस पिवळे केले, आणि घरच्या वडीलधाऱ्यांची झोप उडवली. ताई, सावळ्या रंगाचे निमित्त करून तुला ज्या स्थळांनी नकार दिला त्यांना त्या वर्षी शिबुयाच्या चौकात उभे करायला हवे होते. तुझा तो वर्ण मिळवण्यासाठी तेथे मुली पैसे मोजत होत्या.

पापण्यांच्या गोंदाची तुझी खबर अक्षरशः खरी आहे. येथील पुष्कळ मुलींच्या वरच्या पापणीस घडी नसते. ती असावी म्हणून सूक्ष्म पट्ट्या किंवा चिकटद्रव लावून त्या ती रोज सकाळी निर्माण करतात, आणि डोळ्यांखाली किंचित फुगवटा दिसावा म्हणून तेथेही रंगाची छटा देतात. आपल्या नातीच्या पापणीस ही घडी जन्मजात आहे, हे पाहून तिच्या मैत्रिणी तिला कोणते द्रव्य वापरतेस असे विचारतात. लहानपणी तुझ्या हातच्या काजळाखेरीज त्या डोळ्यांना काही लागलेले नाही, यावर त्यांचा विश्वास बसत नाही. कपाळावरच्या बटेला बाक यावा म्हणून केसांत जांभळे नळकांडे गुंडाळून आगगाडीत बसलेली मुलगी मी स्वतः पाहिली. 2016 साली येथील एका रेल्वे कंपनीने गाडीत प्रसाधन करू नये असे फलक लावले होते, त्यावर मोठा वाद झाला. पण नळकांडे आपल्या जागी आहे.

हे वाचून तू कपाळाला हात लावण्यापूर्वी आपल्या पणजीचे दातवण आठव. काळे कुळकुळीत दात हे सौभाग्याचे लक्षण मानून ती मिरवीत असे, आणि नेमकी हीच रीत जपानी कुलस्त्रियांत होती. 1873 साली सम्राज्ञीने शुभ्र दातांनी दर्शन दिले तेव्हापासून ती मागे पडली. उलट 2011 च्या सुमारास येथील काही मुली दंतवैद्याकडे जाऊन सरळ दातांवर वाकडा सुळा बसवून घेत होत्या. आपल्या धाकट्याचा सुळा सरळ करण्यास जो खर्च आला, तो अशा रीतीने दोन्ही देशांत दंतवैद्यांच्याच पदरी पडला.

आता मुख्य कामाकडे येतो. येथील शाळांत केसांबाबत नियम कडक असतात. केस रंगवणे, कुरळे करून घेणे वर्ज्य. यातून 2017 साली ओसाका प्रांतातील एका सरकारी शाळेतील मुलीने, आपले केस मुळात तपकिरी असताना ते काळे करण्याचा तगादा लावला जातो, म्हणून दावा गुदरला. 2021 मध्ये न्यायालयाने नियम वैध ठरवला, मात्र तिचे बाक व हजेरीपटावरील नाव काढून टाकणे बेकायदा ठरवून 3 लाख 30 हजार येनची भरपाई देवविली. तोक्यो महानगराच्या सरकारी उच्च शाळांनी तर एप्रिल 2022 पासून केस सरसकट काळे करण्याची सक्ती व अंतर्वस्त्रांच्या रंगासंबंधीचे नियम रद्दच केले. परंतु आपल्या नातीला येत्या एप्रिलापासून प्रवेश मिळाला आहे तो खाजगी उच्च शाळेत, आणि तेथे तिचे केस पाहून हे कुरळेपण उपजत असल्याचा दाखला, बालपणीच्या छायाचित्रासह, मागितला आहे. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, हयातीचा, असे नाना दाखले माझ्या हातून गेले. केसांचा दाखला मात्र माझ्या नोकरीत कधी आला नाही. फॉर्म अतिशय नेटका आहे. चिरंजीव संतापले, मला मात्र त्यातील रकाने पाहून भरून आले. आमच्याच एदोगावा विभागातून 2019 साली नगरसेवक म्हणून निवडून गेलेले मराठी गृहस्थ योगेंद्र पुराणिक पुढे 2023 मध्ये इबाराकी प्रांतातील एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले; आपली शाळा त्यांची असती तर निदान अर्ज मराठीत समजावून सांगता आला असता.

छायाचित्र येथेच काढावे म्हणून नात मला 'पुरिकुरा'च्या दालनात घेऊन गेली. 1995 साली निघालेली ही छायाचित्रयंत्रे मुलींची अत्यंत लाडकी असून, नुसत्या पुरुषांना बऱ्याच ठिकाणी आत मज्जाव असतो. मला नातीच्या जामिनावर प्रवेश मिळाला. यंत्राने तिचे डोळे दुप्पट केले, केस रेशमासारखे सरळ केले, आणि माझी मिशी जवळजवळ पुसून गालांवर गुलाबी छटा आणली. ते चित्र पुराव्यास निरुपयोगी ठरले. तरी सूनबाईंनी ते शीतकपाटावर लावले आहे.

नात बिघडली की नाही हा तुझा प्रश्न राहिला. येथे जानेवारीचा दुसरा सोमवार हा वयात आलेल्या तरुणांचा सण. विशीच्या मुली त्या दिवशी लांब बाह्यांचे किमोनो नेसून, महिनोन्‌महिने आधी ठरवलेल्या केशभूषेत मिरवतात. यंदा तो नेमका 12 तारखेस, जिजाऊ जयंतीच्या दिवशी आला. सिंदखेडराजाच्या भगव्या फेट्यांतल्या मुलींची चित्रे तुझ्या चिरंजीवांनी पाठवली होती, ती नात मैत्रिणींना दाखवीत होती. त्यांनी फेटा कसा बांधतात ते विचारले आणि हिने ओढणीने तो त्यांच्या डोक्यांवर बांधून दिला. माझ्या मते एवढ्यावर बिघडल्याचा अहवाल टिकणार नाही. घागऱ्याला ती घडी घालते, हे मात्र खरे.

तरी कृपा करून माजघरातल्या पत्र्याच्या पेटीत, लोणारच्या सरोवराकाठी काढलेला तिचा लहानपणीचा फोटो आहे, तो मूळ स्वरूपात रजिस्टर टपालाने पाठवावा. मोबाईलवरून पाठवू नये; तुझ्या चिरंजीवांचा मोबाईल विचारल्यावाचून चेहरे उजळवतो, आणि मग माझा सारा खटला बुडेल. सोबत तुझाही लग्नापूर्वीचा कुरळ्या केसांचा एखादा फोटो असल्यास वंशपरंपरेचा पुरावा म्हणून जोडावा. अर्जाची मुदत 31 मार्चची आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा धाकटा भाऊ