हरसूलच्या वॉचमनला एमए करू द्या

वॉचमनला कशाला हवी मास्टर्सची डिग्री? नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीत हा प्रश्न सहज विचारला जाईल. माझा उलटा प्रश्न आहे : मग कुणाला हवी? सुरक्षा सेवा व्यवस्थापन हा विषय विद्यापीठात एमएच्या पातळीवर शिकवला जातो, आणि तो शिकण्याचा पहिला हक्क ज्यानं ही सेवा रात्र-रात्र जागून केली त्याचा आहे. त्याला त्या वर्गाच्या दारापर्यंत नेणारी वाट आपण बांधलेली नाही. मला राग आहे तो याचा.

हरसूल त्र्यंबकेश्वर तालुक्यात, गुजरातच्या हद्दीजवळ. कोकणा, वारली, महादेव कोळी यांची वस्ती. भात, नागली, वरई घरात आली की शेतातलं काम संपतं आणि माणसं नाशिककडे निघतात. कुणी द्राक्षबागेत, कुणी बांधकामावर. शिकलेली पोरं अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या गेटवर. गावात कॉलेज आहे, तिथून मराठी किंवा इतिहास घेऊन बीए झालेला मुलगा एजन्सीच्या ऑफिसात जातो, त्याची उंची मोजतात, युनिफॉर्मचे पैसे पहिल्या पगारातून कापतात आणि त्याच संध्याकाळी त्याला पॉइंट, म्हणजे पहाऱ्याची जागा, देतात. बीएची मार्कशीट बघायला कुणी मागत नाही.

उंची मोजतात ती नियमात आहे म्हणून. खासगी सुरक्षा एजन्सींचा केंद्रीय कायदा 2005 चा, आणि त्याखाली नमुना नियम आहेत. पुरुषाला उंची 160 सेंटिमीटर, छाती 80 आणि फुगवून 4 जास्त. याच नियमांत आणखी एक कलम आहे, ते मात्र एजन्सीच्या टेपवर मावत नाही : गार्डला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष मैदानावर प्रशिक्षण, किमान 20 कामाचे दिवस. आग विझवणं, गर्दी सांभाळणं, प्रथमोपचार, ओळखपत्र तपासणं, फौजदारी कायद्याची तोंडओळख, सगळं त्यात आहे. किती जणांना हे मिळतं, ते कुठल्याही गेटवर थांबून विचारा. सेंटिमीटर मोजायला जी एजन्सी चुकत नाही, ती तास मोजायला विसरते. लायसन्स देणाऱ्यांनी या एका कलमावर एजन्सीला धरलं, तरी निम्मं काम होईल.

आता हे 160 तास नीट धरून ठेवा, कारण विद्यापीठाच्या हिशेबात त्यांना किंमत आहे. एप्रिल 2023 मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर झाला. त्यात 30 तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक (क्रेडिट), आणि वर्गातलं, कौशल्याचं, कामाच्या अनुभवाचं अशा सगळ्या शिक्षणाला मूल्यमापन करून श्रेयांक द्यायची सोय आहे. म्हणजे कायद्यानं सांगितलेलं प्रशिक्षण जरी प्रामाणिकपणे दिलं, तरी हरसूलच्या पोराच्या खात्यावर पाच श्रेयांक पहिल्याच महिन्यात जमा होऊ शकतात. आराखडा कागदावर आहे, पोरगा गेटवर आहे, आणि दोघांची गाठ घालून देणारा कुणी नाही.

कायदाही त्याच्या बाजूनं पुरता उभा नाही. सुपरवायझर नेमताना लष्कर, पोलीस, होमगार्ड अशा दलांत काम केलेल्यांना प्राधान्य द्या, असं 2005 चा कायदा सांगतो. फौजी माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. देवळालीच्या तोफखान्याशेजारी वाढलेल्या नाशिककराला तो असतोच. पण सलग दहा वर्षं एकाच कारखान्याच्या गेटवर काढलेल्या माणसाचं नाव त्या प्राधान्याच्या यादीत का नसावं? मालाची गाडी कुठल्या शिफ्टला रिकामी जाते आणि कुठल्या शिफ्टला जड जाते, मागच्या भिंतीची तार कुठं वाकली आहे, फायरचा पंप सुरू होतो की नुसता रंगवून ठेवला आहे, हे त्याला ठाऊक असतं. ऑफिसातल्या सिक्युरिटी मॅनेजरला ते त्यानंच सांगितलेलं असतं. पंधरा गार्डांमागे एक सुपरवायझर, त्याच्या वर फिल्ड ऑफिसर, त्याच्या वर मॅनेजर. हरसूलचा पोरगा बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर म्हातारा होतो.

या डोंगरांना पहारा नवा नाही. सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या मेटांवर, म्हणजे पहाऱ्याच्या ठाण्यांवर, चौकी-पहारा करणाऱ्यांत महादेव कोळी होते, आणि त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर मेटघर किल्ला नावाचं गाव आजही नांदतं आहे. 1818 नंतर इंग्रजांनी गडांवरच्या शिबंद्या मोडल्या, पहारेकऱ्यांचे हक्क आणि तनखे कापले. त्या असंतोषातून आधी रामजी भांगरे उठले, पुढे त्यांचे पुत्र राघोजी. राघोजींना 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. आपण त्यांना आद्य क्रांतिकारक म्हणतो, पुतळे उभारतो, जयंतीला हार घालतो. ते सगळं करावंच. पण त्या बंडाच्या मुळाशी पहारेकऱ्याची कापलेली रोजी होती, हेही भाषणात यावं, आणि ते सांगताना मंडपाच्या दाराशी उभ्या असलेल्या गार्डचा पगार किती तारखेला होतो हेही विचारावं.

महाराष्ट्रानं या माणसाचा विचार देशाच्या आधी केला होता. माथाडी कायदा 1969 चा, त्याच धर्तीवर सुरक्षा रक्षकांचा कायदा 1981 चा. सरकार, मालक आणि रक्षक यांचे प्रतिनिधी असलेलं मंडळ, मंडळाकडे नोंदणी, मंडळामार्फत पगार, भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस. केंद्राला असा कायदा सुचायच्या आधी चोवीस वर्षं. ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण मंडळात नोंद असलेला रक्षक आणि एजन्सीचा बारा-बारा तास उभा राहणारा गार्ड हे आज एकाच रस्त्यावरच्या दोन गेटवर असतात, आणि दोघांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा गार्ड, आला नाही की आधीच्यालाच डबल ड्युटी. जादा तासांना दुप्पट दर हा नियम त्याला कुणी वाचून दाखवलेला नसतो.

म्हणून ही डिग्री हवी. मान वाढते म्हणून हवीच, पण त्याहून जास्त ज्ञानासाठी. सुरक्षेचं व्यवस्थापन म्हणजे धोका आधी ओळखणं, माणसं कुठं किती उभी करायची ते ठरवणं, करार वाचणं, कामगार कायदा पाळणं, आग, गर्दी, कॅमेरे, संगणकातली माहिती, आणि अपघात झालाच तर पहिल्या दहा मिनिटांत कुणी काय करायचं ते लिहून ठेवणं.

नाशिकला हे शिकण्याची किती गरज आहे, ते नाशिकनंच भोगलं आहे. 27 ऑगस्ट 2003, कुंभमेळ्यातलं शाही स्नान, सरदार चौकाजवळचा अरुंद उतार : चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. 21 एप्रिल 2021, महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय, ऑक्सिजनच्या टाकीला गळती : त्या दिवशी 22 रुग्णांचा श्वास थांबला. टाकीपाशी चोवीस तास कोण असावं, गळती दिसली तर पहिला फोन कुणाला, वॉल्व्ह बंद करायचं शिक्षण किती जणांना, दुसरा पुरवठा किती मिनिटांत, हे सगळे सुरक्षा व्यवस्थापनाच्या पहिल्या सत्राचे प्रश्न आहेत. त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडाऱ्यात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. रुग्णालयाच्या दारात रात्री सर्वांत आधी जागा असतो तो गार्ड. त्याला काय शिकवलं होतं?

हरसूलच्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय शोधायला लांब जावं लागणार नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी होते. आदल्या रात्रीपासून पावसात, चिखलात, अंधारात लोकांचे लोंढे चालत असतात. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात. त्र्यंबकेश्वर हे 2011 च्या जनगणनेत जेमतेम बारा हजार वस्तीचं गाव, स्नानाचं कुशावर्त तीर्थ तर गल्ल्यांच्या मधोमध. फेरीच्या वाटेवर कुठं घसरण आहे, कुठल्या पाड्यावर गाडी पोहोचते, कुठं मोबाइलची रेंज जाते आणि रेंज गेली की निरोप कसा जातो, हे सगळं या भागातल्या पोरांच्या पायाखालचं आहे. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात इथं कुंभाची अमृत स्नानं आहेत. त्या नियोजनाच्या टेबलावर मला कोकणा किंवा महादेव कोळी घरातली एक मुलगी हवी आहे, हातात स्वतः काढलेला नकाशा घेऊन. बॅरिकेडला टेकून उभी केलेली नको.

आणखी एक विषय, जो लिहायला धाडस लागेल. जुलै 2015 मध्ये खुद्द हरसूलमध्ये जाळपोळ झाली आणि पोलिसांचा गोळीबार झाला. एका गावाची बाजारपेठ इतकी पेटेपर्यंत कुणाला काय दिसलं, कुणी कुणाला सांगितलं, कुणी ऐकलं नाही, याचा अभ्यास बाहेरून आलेला माणूस करू शकणार नाही. भांडणाच्या दोन्ही बाजूंच्या घरी ज्याला चहा मिळतो, तोच करेल. पुढचं भांडण बाजारात पोहोचायच्या आत कसं थांबवायचं, हेही सुरक्षेचंच शास्त्र आहे.

आता शिकायचं कुठं? गुजरातनं 2009 मध्ये रक्षाशक्ती विद्यापीठ काढलं, 2020 मध्ये संसदेनं त्याला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ केलं, आणि तिथं खासगी व औद्योगिक सुरक्षेसाठी वेगळी शाखाच आहे. गांधीनगरजवळ. हरसूलच्या पोरानं हद्द ओलांडून जावं, जमत असेल तर जरूर जावं. पुण्याच्या विद्यापीठात संरक्षण आणि सामरिक शास्त्राचा विभाग 1963 पासून आहे, तोही मोठा, पण त्याची नजर देशाच्या सीमांवर. कारखान्याच्या आणि दवाखान्याच्या गेटवर नजर ठेवणारं शिक्षण मराठीत, नोकरी न सोडता मिळायला हवं, आणि त्यासाठी नाशिकइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून काम करणाऱ्या माणसाला घरबसल्या शिकवतं आहे. त्याच शहरात महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, नोटांचा छापखाना आहे, तोफखाना आहे. शिकवणारी माणसं रिक्षाच्या अंतरावर आहेत. या सगळ्यांनी एका खोलीत बसून गार्डच्या प्रमाणपत्रापासून एमएपर्यंत सलग अभ्यासक्रम मराठीत बांधावा. अनुभवाला श्रेयांक द्यावेत. तासिका ड्युटीच्या पाळ्या बघून लावाव्यात, आणि एक अभ्यासकेंद्र हरसूललाच द्यावं. यातलं काहीच अवघड नाही.

एजन्सीवाल्यांनाही सांगणं आहे. शिकणाऱ्या गार्डला परीक्षेच्या दिवशी सुट्टी द्या आणि तिचा पगार कापू नका. त्यानं शिकल्यावर तुमचंच टेंडर नीट लिहिलं जाणार आहे.

आणि प्रवेश घ्यायला निघालेल्या पोरांनो, पैसे भरायच्या आधी इतकं करा. 'सिक्युरिटी मॅनेजमेंट'च्या पाट्या लावून गल्लीबोळात दुकानं उघडलेली असतात. विद्यापीठाचं नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का, दूरशिक्षण असेल तर त्या नेमक्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, ते स्वतः वेबसाइटवर बघा. एजंटच्या मोबाइलवर बघू नका. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, आदिवासी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीला दोन्ही लागतात. अनुभवाचं पत्र द्यायला एजन्सी टाळाटाळ करेल. अशा वेळी भविष्य निर्वाह निधीचं पासबुक काढा : कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, कुणाकडे काम केलं, सगळं त्यात नोंदलेलं असतं. आणि त्या पासबुकात तुमचे महिनेच गायब असतील, पगारातून कापलेला पैसा भरलेलाच नसेल, तर प्रवेशाचा फॉर्म बाजूला ठेवून आधी निधी कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.