साधनेची जागा

व्यक्तिगत अध्यात्म म्हणजे देऊळ, पोथी आणि भटजी यांच्याविना केलेली साधना. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाजाने मूर्ती आणि पोथीप्रामाण्य वगळून पाहिले. पण तिथे चारचौघांबरोबर बसावे लागे, हा दोष राहून गेला.

पालघर-बोईसरच्या मधल्या उमरोळीत तो दूर झाला आहे. साधक पहाटेच्या डहाणू लोकलमध्ये खिडकी पकडतो, इअरफोन घालतो आणि डोळे मिटतो. गुरू त्याला वर्ज्य. ॲप 'श्वास घ्या' म्हणते, तेव्हा तो घेतो. त्याचे व्रत नसते, फक्त ॲपवरची सलग दिवसांची माळ तुटता कामा नये. डब्यातल्या भजनी मंडळाला तो कर्मकांडी समजून मोठ्या मनाने माफ करतो. चैत्रात डहाणूच्या महालक्ष्मीला जातो ते केवळ ऊर्जा घ्यायला. नारळ फोडतो तो ऊर्जा मोकळी व्हावी म्हणून.

सफाळ्याला चढलेली, टोपली सांभाळत उभी असलेली म्हातारी त्याला दिसत नाही. दृश्य जग मिथ्या असल्याचा हा अनुभव नवख्यालाही पहिल्याच आठवड्यात येतो. बोरिवलीला समाधी आपोआप उतरते.