फॅरोंच्या दारी काटकसर

खर्चाच्या बाबतीत फॅरो म्हणजे अस्सल वरबाप: पैसा दुसऱ्याचा, थाट आपला. हयातभर माणसं राबवून डोंगरात थडगं कोरून घ्यायचं, सोन्यानं भरायचं. चोरांनी ते धुऊन नेल्यावर तीन हजार वर्षांनी रिकामं भोक बघायला आपण तिकीट काढायचं! तेव्हा लक्झरला जाताना काटकसरीचा संकोच घरी ठेवावा.

हॉटेलवाले नाईलपलीकडच्या थडग्यांकडे जायला बोट, गाडी, गाइड असं सगळं एकदम गळ्यात मारू बघतात. नको म्हणावं. लक्झर मंदिरासमोरून गावकऱ्यांची फेरीबोट सुटते, ती अगदी स्वस्त. पलीकडे टॅक्सीवाले धावून येतात. भाडं बसण्याआधी ठरवावं आणि ‘परतीसकट’ हे दोनदा वदवून घ्यावं.

राजांच्या दरीत साठाहून जास्त थडगी आहेत म्हणून हुरळू नये. उघडी मोजकीच, आणि साध्या तिकिटात त्यातली तीन. तुतनखामन, सेती पहिला आणि रामसेस सहावा यांचं तिकीट वेगळं. तुतनखामन म्हणजे विशीच्या आत गेलेला पोरगा. थडगं इवलंसं, रंगवलेली खोली एकच, सोनं सगळं कैरोला. तो स्वतः तेवढा थडग्यात आहे. मी त्याला बाहेरूनच नमस्कार केला आणि ते पैसे रामसेस सहाव्याच्या पदरात टाकले. तिथं छतभर आकाशदेवी नूत पसरलेली. संध्याकाळी सूर्य गिळते, सकाळी पुन्हा प्रसवते. भिंतींवर ग्रीक-रोमन पर्यटकांनी खरडलेली नावं आहेत. गडकिल्ल्यांवर बदाम कोरणाऱ्यांनी उगाच छाती फुगवू नये.

गलाबिया घातलेला रखवालदार बोटानं खुणावत कोपऱ्यात ‘स्पेशल’ काहीतरी दाखवतो. बहुधा तीच भिंत असते, जरा जवळून. बक्षिशीला सुटे ठेवावेत. मोठी नोट काढली की त्याच्याकडचे सुटे हमखास संपलेले असतात.

पण पैसे खरे वसूल होतात दैर अल-मदिनात. राजांची थडगी खोदणाऱ्या-रंगवणाऱ्या कारागिरांची ही वस्ती. तिकीट दरीपेक्षा बरंच स्वस्त, गर्दी कमी. रामसेस तिसऱ्याच्या २९व्या वर्षी धान्यातला पगार थकला, तेव्हा या मंडळींनी काम टाकून देवळांपाशी बैठक मारली. लेखी नोंद असलेला हा सर्वांत जुना संप मानतात. राजाचं काम आटोपल्यावर त्यांनी आपापली थडगी रंगवली, आणि माझ्या मते हात तिथंच मोकळा सुटला. त्यांतल्या सेन्नेजेमच्या थडग्यात वाकून उतरावं लागतं. कमानीची छोटी खोली, आणि पिवळ्याधमक भिंतीवर त्याचा परलोक: पांढऱ्याशुभ्र कपड्यांत तो विळ्यानं कणसं कापतोय, बायको मागून वेचतेय, खाली तो औत हाकतोय आणि ही पेरतेय. कपड्यांवर चिखलाचा ठिपका नाही.

“म्हणजे मेल्यावरही नवऱ्यामागून शेतात राबायचंच का हो?” माझ्या बायकोनं तावातावानं विचारलं.

रखवालदाराला ती दाद वाटली. त्यानं भिंतीवरच्या बायकोवर पुन्हा एकदा टॉर्च मारला आणि हात पुढे केला.