खोक्यावर एवढं तरी छापा

पैठण गेट भागातल्या मोबाईलच्या दुकानांत आता चार्जर आणि इअरफोनच्या शेजारी गेमपॅडही टांगलेले दिसतात. खोक्यावर ठळक अक्षरांत 'प्लग अँड प्ले'. आत बोटभर माहितीपत्रक आणि ड्रायव्हरची इवलीशी सीडी. आजच्या बहुतेक लॅपटॉपना सीडी घालायला जागाच नसते, हे ती भरणाऱ्याला ठाऊक असणारच. तरी ती भरतात, याचा मला मनापासून राग येतो.

भाच्यासाठी असाच एक गेमपॅड आणला. जोडल्याबरोबर विंडोजने ओळखला. कंट्रोल पॅनलमधल्या चाचणीच्या खिडकीत बटण दाबलं की लाल दिवा लागायचा, काठी फिरवली की अधिकचं चिन्ह सरकायचं. गेममधली गाडी मात्र जागची हलेना. दुकानात विचारलं तर उत्तर एकच, "ड्रायव्हर टाका."

ड्रायव्हरचा इथे संबंधच नव्हता. अशा साध्या यूएसबी गेमपॅडना लागणारा एचआयडी ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. घोळ पुढे आहे. गेमपॅडचे इशारे गेमपर्यंत पोचवायची मायक्रोसॉफ्टची जुनी पद्धत म्हणजे डायरेक्टइनपुट. 2005 साली एक्सबॉक्स 360 आला, त्या सुमारास एक्सइनपुट आली. त्यानंतरच्या कित्येक गेमना ही नवीच समजते आणि स्वस्तातले बरेच पॅड अजून जुनीच बोलतात. काही पॅडवर मधलं बटण दाबून धरलं की पद्धत बदलते, पण माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नसतो. मग 'एक्स360सीई'सारखं मोफत सॉफ्टवेअर मध्ये दुभाषा म्हणून बसवा, नाहीतर गेम विकणाऱ्या 'स्टीम' या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शिरा. शाळकरी पोराने हे कुठून शोधायचं? ते बिचारं 'फ्री ड्रायव्हर' म्हणून दिसेल ते उतरवून घेतं आणि घरच्या कॉम्प्युटरमध्ये नको ते शिरतं. त्याच कॉम्प्युटरवर आईबापांचे बँकेचे व्यवहार चालतात. हे मला सगळ्यात गंभीर वाटतं.

पॅकबंद वस्तूंच्या 2011 च्या नियमांनुसार खोक्यावर एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. त्याच्या शेजारी 'एक्सइनपुट चालतं' किंवा 'चालत नाही' एवढे दोन शब्द सहज मावतील. आयातदारांनी ते छापावेत आणि दुकानदारांनी ते वाचून माल भरावा. तोवर गेमपॅड घेताना आपला लॅपटॉप सोबत न्या, हवा तो गेम दुकानातच चालवून बघा. नुसते दिवे लागले म्हणून पैसे देऊ नका.